शाळेची यादी आणि संगणकातील फाईल

(प्राथमिक शिक्षकांच्या वर्गासाठी व्याख्यान)



प्राथमिक शाळेच्या कपाटात पुष्कळ कागद असतात. परंतु दाखल-खारीज रजिस्टराचे स्थान त्या सर्वांहून वेगळे आहे. मूल प्रथम शाळेत आले, त्या दिवशी त्याचे नाव, पालकाचे नाव व जन्मतारीख त्या रजिस्टरात चढते. पुढे ते मूल मोठे होते, गाव सोडते, म्हातारे होते. आणि कित्येक वर्षांनी त्याचा नातू जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा मागावयास शाळेच्या दारात उभा राहतो. म्हणूनच ह्या रजिस्टरात खाडाखोड करावयाची नाही, ही शिस्त शिक्षकांच्या पिढ्यांनी पाळली आहे. चूक झालीच, तर तिच्यावरून एकच रेघ ओढावयाची, खालचे अक्षर वाचता येईल असे ठेवावयाचे, वर योग्य नोंद करावयाची आणि शेजारी सही करावयाची. चूक व दुरुस्ती ही दोन्ही कागदावर राहतात. काय बदलले, ते मागून येणाऱ्यास कळते.

आता खेड्यापाड्यांच्या शाळांतही संगणक आले आहेत. हजेरी, वजन-उंची, पुस्तकवाटप अशा याद्या शिक्षक त्यावर ठेवू लागले आहेत. परंतु संगणकातील साध्या मजकुराच्या फाईलला रजिस्टराची शिस्त ठाऊक नसते. तेथे जुन्या अक्षरावर नवे अक्षर लिहिले की जुने नाहीसे होते, आणि त्याची खूणही मागे राहत नाही. ती शिस्त लिहिणाऱ्यानेच आपल्या कामात आणावी लागते. पायथॉन ह्या संगणकीय भाषेत नवशिक्याने मजकुराची फाईल कशी वाचावी व तीत फेरबदल कसा करावा, हा आजचा विषय आहे. आणि त्याचे मर्म ह्या शिस्तीतच आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेत, एकमेकींपासून फार दूर नसलेल्या दोन संस्था आहेत. कुमठेकर रस्त्यावर, ७०८ सदाशिव पेठ ह्या ठिकाणी, महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. १९६४ साली राज्य शिक्षण शास्त्र संस्था म्हणून तिचा आरंभ झाला व १९८४ साली तिला परिषदेचे रूप आले. राज्यातील शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आखणी तेथे होते. त्याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० साली ते स्थापन केले. जुनी मोडी कागदपत्रे व पोथ्या तेथे जतन केल्या आहेत. एका संस्थेत उद्याच्या शाळेचा विचार चालतो, तर दुसरीत काल लिहिलेल्या कागदांचा सांभाळ होतो. संगणकातील फाईल शिकू पाहणाऱ्या शिक्षकास ह्या दोन्ही कामांची दृष्टी हवी.

जुन्या कागदांच्या अभ्यासकाच्या दोन सवयी येथे विशेष उपयोगी आहेत. पहिली, कागद कोणत्या लिपीत आहे हे ओळखल्यावाचून तो वाचावयास घ्यावयाचा नाही. मोडीतील पत्र बाळबोध समजून वाचले, तर त्यातून अर्थ निघत नाही. दुसरी, मूळ कागदावर काही लिहावयाचे नाही. त्याची नक्कल करावयाची, ती मुळाशी ताडून पाहावयाची, आणि दुरुस्त्या, टीपा, अनुक्रम हे सर्व नकलेवर करावयाचे. पायथॉनमध्ये फाईल हाताळताना ह्याच दोन सवयी पदोपदी कामास येतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

पायथॉन ही भाषा नेदरलंड्समधील गिडो व्हान रॉसम ह्यांनी तयार केली. ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिची वाक्यरचना सुटसुटीत असल्यामुळे जगभर पुष्कळ नवशिके तिच्यापासून आरंभ करतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व, म्हणजे सहावी ते आठवीच्या टप्प्यावर संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचे उपक्रम सुचविले आहेत. तेव्हा हा विषय शिक्षकास स्वतःच्या सोयीसाठीच नव्हे, तर मुलांना शिकविण्यासाठीही लागणार आहे. पुढे आज्ञांचे जे शब्द येतील ते येथे देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर ते रोमन लिपीत टंकावयाचे असतात, हे ध्यानात ठेवावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावातील बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या व ट्रक भरून कोयत्यावर जाणारी माणसे कारखान्यांकडे निघतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात आणि गाळपाचा हंगाम संपल्यावर परत येतात. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो हक्क मुलाबरोबर कारखान्यावरही गेला पाहिजे. त्यासाठी निघणाऱ्या मुलास शिक्षण हमी पत्रक देतात, म्हणजे जेथे ते जाईल तेथील शाळा त्यास सामावून घेते. कोण मूल गावी आहे, कोण गेले, कोणाचे पत्रक देणे राहिले, ह्याची यादी शाळेतील बाईंनी संगणकात ठेवली आहे. यादीत ४२ मुले आहेत. एका मुलास एक ओळ: हजेरी क्रमांक, नाव, इयत्ता, हजेरीचे दिवस आणि स्थिती, ह्या पाच गोष्टी स्वल्पविरामांनी वेगळ्या केल्या आहेत. उदाहरणार्थ, ‘७, कृष्णा, चौथी, १२, गावी’.

ही फाईल उघडण्यासाठी पायथॉनमध्ये ‘ओपन’ ही आज्ञा आहे. तिला फाईलचे नाव सांगावे लागते आणि फाईल कशासाठी उघडावयाची, तेही एका अक्षराने सांगावे लागते. ही अक्षरे मुख्यतः तीन आहेत. ‘आर’ म्हणजे केवळ वाचावयासाठी. ‘ए’ म्हणजे शेवटच्या ओळीखाली भर घालण्यासाठी. ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्यासाठी. अक्षर दिलेच नाही, तर पायथॉन ‘आर’ समजतो.

नवशिक्याचा घात होतो तो ‘डब्ल्यू’पाशी. ‘लिहिण्यासाठी’ ह्या शब्दावरून त्यास वाटते की, आहे त्या यादीत आणखी एक नाव लिहावयाचे आहे, तेव्हा हेच अक्षर योग्य. प्रत्यक्षात ‘डब्ल्यू’चा स्वभाव पाटी पुसून लिहिणाऱ्या मुलासारखा आहे. त्या नावाची फाईल असेल, तर ती उघडता क्षणीच तो तिच्यातील सर्व मजकूर पुसून टाकतो. एक अक्षरही लिहिण्यापूर्वी हे घडते. बाईंनी त्रेचाळिसावे मूल नोंदविण्यासाठी ‘डब्ल्यू’ वापरला, तर ४२ ओळी जातात आणि नवी एकच ओळ उरते. आज्ञावली कोणतीही तक्रार करीत नाही, कारण तिच्या दृष्टीने सांगितलेले काम बिनचूक झालेले असते. आठवड्याने पत्रकांची यादी काढावयास बसल्यावर बाईंच्या हे ध्यानात येते, आणि तोवर ट्रक निघून गेलेले असतात. ह्यास्तव पहिला नियम असा की, भर घालावयाची असेल तेथे ‘ए’ वापरावा, आणि ‘डब्ल्यू’ केवळ नव्या नावाच्या फाईलसाठी राखून ठेवावा. ‘एक्स’ असे आणखी एक अक्षर आहे. त्या नावाची फाईल आधीच असेल, तर ते काम करावयाचे नाकारते. नवी फाईल करताना ‘एक्स’ वापरणे अधिक सुरक्षित होय.

‘ए’ने भर घालतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते. पायथॉनची ‘राईट’ ही आज्ञा ओळ आपणहून संपवीत नाही. ओळ संपल्याची खूण लिहिणाऱ्याने घालावी लागते. उलटी तिरपी रेघ व तिच्यापुढे ‘एन’ हे अक्षर, अशी ती खूण लिहितात. यादीच्या शेवटच्या ओळीनंतर ही खूण राहून गेली असेल, तर नवे मूल जुन्या ओळीलाच चिकटते. ओळी मोजल्या तर मुले बेचाळीसच भरतात, आणि कोणते मूल हरवले ते लवकर सापडत नाही.

वाचनाची रीत सोपी आहे. फाईल ‘आर’ने उघडावी आणि ‘फॉर’ ह्या आज्ञेने एकेक ओळ घ्यावी. परंतु हाती आलेल्या ओळीच्या टोकास ती अदृश्य खूण तशीच असते. त्यामुळे ओळीतील शेवटचा शब्द ‘गावी’ आहे काय असे विचारले, तर यंत्र ‘नाही’ म्हणते. कारण त्याच्या लेखी तेथे ‘गावी’ अधिक एक खूण असते. प्रथम ‘स्ट्रिप’ ह्या आज्ञेने कडेच्या खुणा व मोकळ्या जागा काढाव्या, मग ‘स्प्लिट’ने स्वल्पविरामांवर ओळीचे तुकडे करावे. स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडली असेल, तर प्रत्येक तुकड्यासही पुन्हा ‘स्ट्रिप’ लावावे.

फाईलमधून येते ते सर्व मजकूर असते, अंकसुद्धा. कृष्णाच्या ओळीतील ‘१२’ ही यंत्राच्या दृष्टीने संख्या नसून दोन चिन्हे आहेत. त्यांस ‘१’ हे चिन्ह जोडले, तर १३ न होता ‘१२१’ होते, आणि मुलाच्या हजेरीत एका दिवसाऐवजी १०९ दिवसांची भर पडते. प्रथम ‘इंट’ ह्या आज्ञेने मजकुराची संख्या करावी आणि मगच बेरीज करावी. येथे मराठी शिक्षकास आनंद वाटावा अशी एक गोष्ट आहे. ‘इंट’ ही आज्ञा देवनागरी अंकही जाणते. फाईलमधील ‘१२’ तिला दिले, तर ती बिनतक्रार बारा ही संख्या देते. परंतु उत्तर परत लिहिताना पायथॉन ते इंग्रजी अंकांत लिहितो. यादीत सर्वत्र देवनागरी अंक हवे असतील, तर ते बदलून घेण्याची सोय आज्ञावलीत निराळी करावी लागते.

आता लिपीचा प्रश्न. यंत्र अक्षरे साठवीत नाही, ते क्रमांक साठविते. कोणत्या अक्षरास कोणते क्रमांक, ह्याचा संकेत ठरलेला असावा लागतो. युनिकोड ह्या जागतिक संकेतात देवनागरीस १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. तो फाईलमध्ये लिहिण्याची आज सर्वाधिक रूढ असलेली रीत म्हणजे ‘युटीएफ-८’. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन घरे व्यापते. ‘शाळा’ ह्या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे आहेत, म्हणून त्यास बारा घरे लागतात.

फाईल कोणत्या रीतीने लिहिली आहे, हे सांगितले नाही, तर पायथॉनच्या आजवरच्या प्रचलित आवृत्त्या यंत्राची जी नेहमीची रीत असेल तीच धरतात. आणि बहुतेक विंडोज यंत्रांवर ती युरोपीय लिपींसाठी केलेली जुनी रीत असते. मोडी कागद बाळबोध समजून वाचावा, तसा हा प्रकार होतो. यादीत ‘कमल’ असे नाव असले, तर पडद्यावर नऊ भलतीच चिन्हे उमटतात. ‘कृष्णा’सारखे जोडाक्षराचे नाव असले, तर हलन्ताच्या क्रमांकापैकी एकास त्या जुन्या रीतीत अर्थच नसल्यामुळे वाचन तेथेच थांबते. लिहिण्याच्या वेळी तर प्रसंग अधिक बिकट असतो. ‘डब्ल्यू’ने फाईल उघडली, ती पुसली गेली, मग मराठी अक्षर लिहू जाता यंत्र ‘हे मला लिहिता येत नाही’ म्हणून थांबले, म्हणजे जुनी यादी गेली आणि नवीही झाली नाही. तेव्हा दुसरा नियम असा की, ‘ओपन’ म्हटले की ‘एन्कोडिंग’ ह्या शब्दापुढे ‘युटीएफ-८’ लिहावेच, वाचतानाही आणि लिहितानाही. पायथॉनच्या ३.१५ ह्या आवृत्तीपासून हीच रीत गृहीत धरण्याचे ठरले आहे. तथापि शाळांतील यंत्रांवर जुन्या आवृत्त्या दीर्घकाळ राहतात, म्हणून सवय लावून घेणे इष्ट.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. कृष्णाचे आईवडील कारखान्यावर निघाले. त्याच्या ओळीतील ‘गावी’ हा शब्द काढून तेथे ‘कारखान्यावर’ असे लिहावयाचे आहे. वहीत हे एका रेघेचे काम आहे. फाईलमध्ये मात्र मधल्या एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालण्याची सोय नाही. फाईल ही अक्षरांची सलग पट्टी आहे. ‘गावी’ची चार चिन्हे बारा घरे व्यापतात, तर ‘कारखान्यावर’ची अकरा चिन्हे तेहतीस घरे मागतात. तेथेच लिहावयास जावे, तर जास्तीची एकवीस घरे पुढील मुलाच्या ओळीवर चढतात, आणि कृष्णाची नोंद करताना त्याच्या पुढच्या मुलाचे नाव बुडते. ‘आर’पुढे अधिकचे चिन्ह देऊन फाईल वाचण्या-लिहिण्यासाठी एकदम उघडता येते, परंतु ह्याच कारणामुळे नवशिक्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

योग्य रीत पाच पायऱ्यांची आहे. पहिली पायरी: जुनी फाईल ‘आर’ने उघडून सर्व ओळी स्मरणात घ्याव्या आणि फाईल बंद करावी. दुसरी: स्मरणातील ओळींपैकी हवी ती शोधून तीत बदल करावा. शोध नावावरून न करता हजेरी क्रमांकावरून करावा, कारण एका वर्गात दोन कृष्णा असू शकतात. तिसरी: सर्व ओळी एका नव्या नावाच्या फाईलमध्ये लिहाव्या व ती बंद करावी. चौथी: नवी फाईल पुन्हा वाचून ओळी मोजाव्या, जुनीत ४२ असतील तर नवीतही ४२ भरल्या पाहिजेत. पाचवी: जुन्या फाईलची एक प्रत तारखेच्या नावाने बाजूस ठेवावी आणि मगच नव्या फाईलला जुनीचे नाव द्यावे. नाव बदलण्यासाठी पायथॉनच्या ‘ओएस’ ह्या संचात ‘रिप्लेस’ ही आज्ञा आहे, आणि प्रत काढण्यासाठी ‘एसएचयुटिल’ ह्या संचात ‘कॉपी’.

मधेच वीज गेली तर काय, हा प्रश्न खेड्यात कोणीही विचारील. पहिल्या चार पायऱ्यांत वीज गेली, तर जुनी यादी जशीच्या तशी असते. फार तर नवी अर्धवट राहते व ती टाकून देता येते. म्हणजे राजवाड्यांच्या पेठेतील अभ्यासक मूळ कागदास हात न लावता नकलेवर काम करतो, त्यातलाच हा प्रकार झाला. एक लक्षात ठेवावे की, ‘राईट’ म्हटल्याबरोबर अक्षरे तबकडीवर पोहोचतातच असे नाही. कित्येकदा फाईल बंद होईपर्यंत ती स्मरणातच थांबून राहतात. ह्यासाठी ‘ओपन’च्या आधी ‘विथ’ हा शब्द घालावा, म्हणजे काम संपताच, अथवा मधेच काही चूक झाली तरीही, फाईल आपोआप बंद होते.

हा पाठ मुलांना शिकविण्यास आरंभी संगणकाची गरज नाही; पाटी व खडू पुरेत. तीन मुले पुढे बोलवावी. पहिल्याने हात मागे बांधून पाटीवरील यादी मोठ्याने वाचावी, तो ‘आर’. दुसऱ्याने शेवटच्या ओळीखालीच लिहावे, वर हात नेऊ नये, तो ‘ए’. तिसऱ्याने लिहिण्यापूर्वी पाटी पुसावी, तो ‘डब्ल्यू’. तिसरा पाटी पुसू लागला की वर्ग आपणच ओरडतो, आणि पुढे यंत्रापाशी बसल्यावर ते अक्षर टंकताना मुलांचा हात थबकतो. नंतर पाटीवर दोन ओळी एकमेकींस अगदी लागून लिहाव्या, मधल्या एका लहान शब्दाच्या जागी मोठा शब्द बसवावयास सांगावे, आणि जागा पुरत नाही हे मुलांनाच पाहू द्यावे. दुसरी पाटी मागून घेण्याची युक्ती त्यांतलेच कोणी सुचविते. त्यानंतर संगणकावर पाच-सहा ओळींची एखादी यादी द्यावी, पावसाच्या नोंदीची किंवा वर्गातील पुस्तकांची. शाळेच्या खऱ्या यादीवर मुलांचे प्रयोग होऊ देऊ नयेत.

शेवटी मर्यादांविषयी दोन शब्द. अशी फाईल हे शिक्षकाच्या सोयीचे टिपण आहे. दाखल-खारीज रजिस्टर किंवा शासनाच्या संकेतस्थळावरील अधिकृत नोंद ह्यांची जागा ती घेत नाही. तसेच ही फाईल यंत्रास हात लावणारा कोणीही उघडून वाचू शकतो. म्हणून आधार क्रमांक, बँकेचे खाते, मुलाच्या आजाराची माहिती असले काही तीत ठेवू नये. कामास लागेल तेवढेच लिहावे.

बंधुभगिनींनो, पायथॉनच्या आज्ञा आठवड्याभरात पाठ होतात. विसरल्या तर पुस्तकात पाहता येतात. वाचण्यासाठी ‘आर’, भर घालण्यासाठी ‘ए’, मराठीसाठी ‘युटीएफ-८’, आणि बदल करावयाचा तो नव्या प्रतीत, एवढे मात्र हाताच्या सवयीचे झाले पाहिजे. ऊसतोडीहून चैत्रात परतलेला कृष्णा वर्गाच्या दारात येईल, तेव्हा बाई संगणक उघडतील. त्याचे नाव, त्याची इयत्ता आणि त्याचे बारा दिवस त्या ओळीत तसेच असले पाहिजेत, आणि त्याच्या शेजारच्या ओळीतील मूलही जागेवर असले पाहिजे.